नुसतं पाणी काढून भागत नाही
जुळ्यांच्या गरोदरपणावरचा एक लेख वाचला. पोटातल्या जुळ्यांपैकी एकाभोवती गर्भजल, म्हणजे पाणी, जास्त, दुसऱ्याभोवती कमी असलं तर ‘सुईने जादा पाणी काढतात’, एवढंच त्यात आहे. दोघांची वार (प्लासेंटा) एकच असेल तर तिच्यातल्या जोडरक्तवाहिन्यांतून एकाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं, खरं दुखणं तिथे. पाणी काढलं की आईला जरा मोकळं वाटतं, पण ते पुन्हा भरतं. साधारण १६ ते २६ आठवड्यांत दुर्बिणीतून लेझरने त्या वाहिन्या बंद करतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत हाच उपाय सरस ठरला. माझ्या बहिणीच्या सोनोग्राफीत एक बाळ पाण्यात डुंबत होतं, दुसरं पडद्यात गुंडाळल्यासारखं भिंतीला चिकटलेलं. दर पंधरा दिवसांनी तपासणी होती म्हणून वेळेत कळलं. आणि हो, वार एक की दोन हे पहिल्या तीन महिन्यांतच विचारून घ्या, नंतर ते सांगणं अवघड जातं.