दोन जोड कमी

चर्चमधल्या उपासनेहून घरी येऊन चार तास झाले. जेवणे उरकली, भांडी घासून झाली, तरी मन ताळ्यावर येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. लिहिताना तोल गेला तर मंडळीतील वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. नाही घेतले तरी आज माझी फारशी तक्रार नाही.

आज प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा रविवार होता. शास्त्रपाठ झाला आणि पाळकसाहेब उपदेशाला उभे राहताच आमच्या माईकने नेहमीप्रमाणे कर्कश शीळ घातली. मागच्या बाजूला एक तरुण आई आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. मंडळीत नवीन असावी, कारण मी तिला यापूर्वी दोनदाच पाहिले आहे. त्या शिळेसरशी मुलाने दोन्ही कान तळहातांनी दाबून धरले आणि एक सूर लावला, तो काही केल्या थांबेना. त्याला रडणे म्हणता येत नाही, हट्ट तर मुळीच म्हणता येत नाही. ज्या घरात असे मूल वाढले आहे त्या घरालाच तो सूर ओळखू येतो. तिने त्याला कुशीत ओढले, ओढणीने त्याचे कान झाकले, स्वतः पुढे-मागे डुलत त्याला डोलवू लागली. एवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या एका पंचांनी तोंडाने एक शब्दही न काढता तर्जनीने दाराकडे खूण केली. ती उठली, मुलाला काखेत घेऊन, मान खाली घालून बाहेर गेली आणि परत आली नाही. उपदेश पुढे चालू झाला. विषय होता देवाची प्रीती.

ते बोट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, कारण एकोणीस वर्षांपूर्वी तेच बोट मला दाखवले गेले होते. पंच निराळे होते, बोट तेच.

माझा मुलगा आज चोवीस वर्षांचा आहे आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, हे माझ्या मित्रयादीतील बहुतेकांना ठाऊक आहे. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तोही प्रभुभोजनाचाच रविवार होता, त्याला पेटीचा आवाज सहन होईना, आणि मी त्याला उचलून बाहेर पायऱ्यांवर आणून बसवले, जिथे सगळ्यांच्या चपला पडलेल्या असतात. (आमचे हे आत कॉयरमध्ये गात होते. आम्ही दोघे बाहेर होतो हे त्यांना आशीर्वचनानंतर कळले. त्याबद्दल मी त्यांना क्षमा केली आहे, पण विसरलेले नाही.) मी रडत होते आणि मुलगा मात्र शांतपणे मंडळीच्या चपला उचलून भिंतीला टाचा लावून एका ओळीत मांडत होता. तेवढ्यात मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एक आजी, ज्यांना सगळे नर्सबाई म्हणत, भाकर आणि प्याला त्यांच्या रांगेपर्यंत पोहोचायच्या आतच उठून बाहेर आल्या. गुडघ्यांवर हात टेकत त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. मला वाटले, आता वचन सांगतील. त्यांनी काही सांगितले नाही. पायातली चप्पल काढून त्यांनी माझ्या मुलाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही राहिली बघ, हिलाही लाव रांगेत." त्याने ती लावली. मग दुसऱ्या पायातली दिली.

आज उपासनेनंतर चहाच्या वेळी काय बोलणे झाले, तेही सांगते. एक भगिनी म्हणाल्या की, देव अशी खास मुले खास आईलाच देतो. ही थोर गोष्ट गेली दोन दशके मी ऐकत आले आहे आणि ऐकणाऱ्या आईला तिचा काय उपयोग होतो, हे मला अजून समजलेले नाही. मी खास वगैरे नव्हते. मी बावीस वर्षांची, चिडकी, झोपेला आसुसलेली बाई होते. दुसरे एक बंधू म्हणाले की, आईबापांनी उपवास करून विश्वासाने मागितले पाहिजे, कुठेतरी काहीतरी अडथळा असणार. अडथळा! हाच प्रश्न शिष्यांनी त्या जन्मांधाकडे बघून विचारला होता, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, आणि येशूने ते दोन्ही पर्याय तिथल्या तिथे खोडून काढले. योहानाचा नववा अध्याय आमच्याकडे संडेस्कूलच्या पोरांना पाठ असतो. तो मोठेच कसे विसरून जातात?

पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रभूची विनवणी केली, आणि काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढेच उत्तर मिळाले. पौलाचा विश्वास कमी पडला असे मी तरी आजवर कोणत्या उपदेशात ऐकलेले नाही. प्रेषिताला एक न्याय आणि पोराच्या आईला दुसरा, असे का? देव बरे करतो यावर माझा विश्वास आहे, हे मान्य करते, आणि मी मागणे सोडलेले नाही. पण माझ्या मागण्याचा हिशेब चहाचा कप हातात धरून कोणी घेऊ नये.

मला राहून राहून मार्काच्या शुभवर्तमानातला तो पक्षाघाती आठवतो. कफर्णहूमच्या त्या घरात दाराबाहेरही उभे राहायला जागा नव्हती आणि येशू आत वचन सांगत होता, म्हणजे उपदेश चालू होता. चौघांनी त्या माणसाला बाजेसकट वर नेले आणि छप्पर उसकटून खाली सोडले. माती पडली असेल, काटक्या पडल्या असतील, पुढे बसलेल्या शास्त्र्यांच्या अंगरख्यांवर धूळ उडाली असेल. उपदेशात यापेक्षा मोठा व्यत्यय कोणी आणला असेल असे मला वाटत नाही. तरी येशूने कोणाला बोट दाखवले नाही, छपराचा खर्च कोण देणार हेही विचारले नाही. आणि वचनात काय लिहिले आहे ते नीट वाचा: त्याने "त्यांचा विश्वास" पाहिला. बाजेवर पडलेल्याचा विश्वास किती होता याची चौकशी झाली नाही, त्याच्या आईला तर कोणी विचारलेच नाही. विश्वास खांदा देणाऱ्यांचा मोजला गेला. मग आमच्या मंडळीत एकट्या आईनेच बाजेचे चारही कोपरे धरावेत, वर विश्वासाचा दाखलाही तिनेच आणावा, ही रीत कोठून आली?

म्हाताऱ्या माणसांना उपदेश नीट ऐकू यायला हवा, हे मला मान्य आहे. त्या माईकमुळे तो तसाही ऐकू येत नाही, हा भाग निराळा.

ऐकू येण्यावरून आठवले. पंडिता रमाबाई १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या, आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणले, आणि केडगावच्या त्यांच्या मुक्तीसदनात अंध स्त्रियांना ब्रेल शिकवले जाई. आपण त्यांची छायाचित्रे भिंतीवर लावतो, ५ एप्रिलला त्यांची आठवण काढतो, आणि दाराशी उभे राहून एका लेकराला बाहेरची वाट दाखवतो.

आता पंचांवर एवढे लिहून झाल्यावर जे लिहायचे टाळत होते ते लिहिते. ती उठली तेव्हा मी बसून होते. तो सूर मला ओळखू आला होता. ते बोट मी पाहिले होते. मी तिसऱ्या खुर्चीवर होते, दार पंधरा पावलांवर होते, आणि मी मनात म्हटले, प्रभुभोजन झाले की जाईन. नर्सबाई प्रभुभोजन सोडून आल्या होत्या. त्या माझ्यासाठी आल्या आणि मी त्या पोरीसाठी गेले नाही. भाकर घेतली, प्याला घेतला, डोळे मिटून प्रार्थना केली आणि बाहेर आले, तोवर पायऱ्यांवर कोणी नव्हते. तेव्हा पंचांनी माझ्यावर रागावण्याआधी हे ध्यानात घ्यावे की आज सगळ्यांत जास्त राग माझा मलाच आला आहे.

नर्सबाईंनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली. भोजनविधी संपत आला तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून आत हाक मारली, "पाळकसाहेब, इथे तिघेजण राहिले आहेत." आणि आमचे तेव्हाचे पाळकसाहेब, मोठे शिस्तीचे गृहस्थ, ताट हातात घेऊन खरोखर पायऱ्यांवर आले. मुलगा लहान होता, त्याला भाकर देता येत नव्हती, म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला डोक्यावर हात ठेवलेला मुळीच खपत नाही. त्याने तो झटकला, पाळकसाहेब हसले आणि मीही कित्येक महिन्यांनी हसले. नर्सबाई अनवाणीच बसल्या होत्या, कारण चपला रांगेतून काढायला त्या तयार नव्हत्या.

त्या पोरीला मला जे सांगायचे आहे ते इथे लिहिते. तिच्यापर्यंत कोणी पोहोचवावे.

बाळ, तू खंबीर असण्याची काही गरज नाही. बायबलातल्या हागारेने रानात पाणी संपल्यावर आपले पोर झुडपाखाली टाकले आणि ते मरताना बघवणार नाही म्हणून ती लांब जाऊन बसली व हंबरडा फोडून रडली. तिला देवाने रागावून उठवले नाही. तिला विहीर दाखवली. तुला जेव्हा वाटेल की आता हे पोर आपल्याला झेपत नाही, तेव्हा तू वाईट आई झालीस असे समजू नकोस. मला तसे शेकडो वेळा वाटले आहे आणि पोर अजून माझ्याजवळच आहे.

प्रार्थना कर, आणि अपंगत्वाचा दाखलाही काढ. माझा मुलगा लहान होता तेव्हा १९९५चा कायदा होता, त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यांत ती आहे. सरकारच्या निरामय योजनेत अशा मुलांना वर्षाला एक लाखापर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या नजरेत आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. आपल्या मुलांसाठी तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून रीतसर पालकत्व घ्यावे लागते. हे मला मंडळीत कोणी सांगितले नाही, विशेष शाळेच्या फाटकाबाहेर बसणाऱ्या इतर आयांनी सांगितले. "आमच्यामागे याचे काय" हा प्रश्न प्रत्येक रात्री उशाशी असतो. इतक्या वर्षांत माझा मुलगा बरा झाला का, असे शंभर जणांनी विचारले. तुमच्यामागे त्याला रविवारी उपासनेला कोण आणील, असे एकानेही विचारले नाही. विचारले असते तर दुसऱ्या कोणत्याही दिलाशाची मला गरज पडली नसती.

राग उतरत चालला आहे, म्हणून शेवटची गोष्ट लिहून थांबते.

त्या एकोणीस वर्षांपूर्वीच्या रविवारपासून आजपर्यंत आमचा मुलगा दर आठवड्याला मंडळीच्या चपला लावतो. ही सेवा त्याला कोणी नेमून दिलेली नाही, त्यानेच ती घेतली आहे. लोक आत जातात, तो भिंतीलगत जोड मांडतो आणि मग शेवटच्या खुर्चीवर येऊन बसतो. आज उपासना सुटल्यावर सगळे आपापल्या चपला घालून गेले, पण तो पायरीवरून हलेना. हाताला धरून ओढले तरी हलेना. भिंतीकडे बोट दाखवून एकच वाक्य म्हणत राहिला, "दोन जोड कमी." मला वाटले, कोणाच्या चपला चोरीला गेल्या. नंतर लक्षात आले की सकाळी त्याने त्या मायलेकरांचे दोन जोड रांगेत लावले होते, आणि गर्दी बाहेर येईपर्यंत ती जागा त्याने तशीच मोकळी ठेवली होती.

पाळकीणबाईंकडून तिचा नंबर घेतला आहे. पुढच्या रविवारी माईकच्या पेटीपासून लांब, दाराजवळच्या दोन खुर्च्या मी धरून ठेवीन, आणि तिथे नाही जमले तर आपण पायऱ्यांवर बसू, असे तिला लिहिले आहे. संदेशावर निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर अजून आलेले नाही. मुलगा जेवला, झोपून उठला, आणि आत्ता या क्षणी दाराशी आमच्या चपलांसमोर उभा राहून तेच म्हणतो आहे.