‘उकळलं तर काय बिघडतं?’ : वाइसवुर्स्टच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

म्युनिकच्या वाइसवुर्स्टवरच्या, म्हणजे तिथल्या वासराच्या मांसाच्या पांढरट सॉसेजवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “पाणी उकळलं काय नि नुसतं गरम ठेवलं काय, सॉसेज ते सॉसेज. गोव्याचं चोरीस आम्ही खळखळ शिजवतो, त्याला काही होत नाही. बाराच्या आत खा, वासराचंच हवं, हे सगळं जर्मनीला जाऊन आलेल्यांचं शहाणपण.”

आधी शेवटच्या शब्दाबद्दल. लेख पटला नाही तर तसं सांगा, पण लिहिणाऱ्याची लायकी काढायची काय गरज होती? म्युनिकमध्ये खाटकाच्या दुकानात कटरपाशी (मांस बारीक करण्याच्या यंत्रापाशी) उभं राहून हे सॉसेज मी भरलेलं आहे. प्रवासात दोन घास खाऊन मी लेख लिहीत नाही. ‘शहाणपण’ म्हटल्याने मुद्दा खोडला जात नाही, एवढं तरी लक्षात घ्या.

बाराच्या आत खाण्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पूर्वी पहाटे भरलेलं कच्चं सॉसेज फ्रिजशिवाय दुपारपर्यंत टिकायचं नाही, म्हणून तो नियम. आता खाटीकच ते गरम पाण्यात शिजवून थंड करून विकतो, त्यामुळे संध्याकाळी खाल्लंत तरी चालेल.

चोरीसचं उदाहरण मात्र सपशेल चुकीचं आहे. त्यात डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे तुकडे असतात, व्हिनेगर, मीठ, मिरची लावून मुरवलेले आणि वाळवलेले. शिजताना चरबी वितळते, लाल तेल कांद्याबटाट्यात उतरतं आणि त्यासाठीच तर ते शिजवायचं. वाइसवुर्स्टमध्ये चरबी बाहेर आली की पदार्थ संपला.

कारण त्यात तुकडेच नसतात. वासराचं मांस किलोला साधारण 18 ते 20 ग्रॅम मीठ आणि बर्फाचा चुरा घालून कटरमध्ये इतकं बारीक करतात की मिठाने मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात. मग डुकराच्या पाठीची चरबी घालतात आणि ही प्रथिनं तिच्या कणाकणाभोवती बसतात. मिश्रण 12 अंशांच्या वर गेलं की चरबी मऊ पडते आणि पकड सुटते. बर्फ घालतात तो पाण्याबरोबरच या थंडाव्यासाठी. पार्सली, लिंबाची किसलेली साल आणि जायपत्री घालून ते डुकराच्या आतड्यात भरतात. नायट्राइटचं मीठ वापरत नाहीत, म्हणून रंग गुलाबी न येता पांढरट राहतो.

हे मिश्रण 70 अंशांच्या आसपास खरवसासारखं घट्ट बसतं आणि पाणी, चरबी आत धरून ठेवतं. उकळत्या पाण्यात तीच प्रथिनं आवळतात आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. बाहेरून आतडं आकसतं, आतून वाफेचा दाब वाढतो आणि सॉसेज उभं फाटतं. मग लिंबाचा, पार्सलीचा वास पाण्यात जातो आणि हातात रबरासारखा, रवाळ तुकडा उरतो. नाही फाटलं तरी आतून कोरडं पडलेलंच असतं.

आता कृती. सहा सॉसेजना 2 लिटर पाणी घ्या. पाण्याला उकळी आणा, चिमूटभर मीठ टाका, गॅस बंद करा. पाणी 80 अंशांवर उतरलं की सॉसेज सोडा. फ्रिजमधल्या थंड सॉसेजमुळे ते 70 च्या खाली येतं, तेव्हा अगदी मंद आच ठेवून 70 ते 75 अंशांवर 10 ते 12 मिनिटं राहू द्या. लिटरभरच पाणी घेतलंत तर ते 60 च्याही खाली घसरतं, मग लोक घाबरून आच मोठी करतात आणि सॉसेज फाटतं. थर्मामीटर नसेल तर तळाशी बारीक बुडबुडे चिकटलेले दिसावेत, वर सुटू नयेत. वाढताना त्याच गरम पाण्यासकट खोलगट भांड्यात ठेवा. आतडं खायचं नसतं, ते सोलून काढा. बरोबर गोड मोहरीची चटणी (मस्टर्ड) आणि ब्रेझेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा खारट पाव.

वासराच्या मांसाबद्दल एकच. ‘म्युन्शनर वाइसवुर्स्ट’ या नावाने विकायचं तर मांसात निदान 51 टक्के वासराचं असावं लागतं. कोंबडीचं करा, खुशाल खा, पण त्याला हे नाव देऊ नका. बाकीच्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

तरी पटत नसेल तर एकाच पाकिटातली दोन सॉसेज घ्या, एक उकळा, दुसरं 72 अंशांवर ठेवा. दोन्ही उभी कापा आणि उकळलेल्या पाण्यावर तरंगणारी चरबी बघा. मग काय ते लिहा. फक्त भाषा जरा जपून.