मान वाकडी म्हणजे मानमोडीच? त्या फॉरवर्डला उत्तर

गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द इकडेतिकडे होतात, पण मजकूर साधारण असा: कोंबडीची मान वाकडी झाली, ती गरगर फिरायला लागली किंवा पाय टेकेनाशी झाली, की मानमोडी समजा, दुसऱ्या कशाने असं होत नाही. लगेच सगळ्यांना लस टोचा, आजारी कोंबडीलाही. तिला लसणाच्या रसातून चमचाभर दारू पाजा आणि आपल्या घरातली अँटिबायोटिक गोळी अर्धी करून द्या. दोन दिवसांत उठली नाही तर कापून खा, शिजवल्यावर काही राहत नाही. नाहीतर मान मुरगळा, कारण ती बरी होत नाही. खाली हात जोडलेले आणि 'शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा'.

पोचवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण हा मेसेज वाचून वागलेल्या माणसाची कोंबडी तर जातेच, उरलेलं खुराडंही धोक्यात येतं.

आधी पहिलं वाक्य. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग आहे आणि तो मान वाकडी करतो, यात वाद नाही. उत्तराखंडात, कुमाऊंतल्या राणीखेत इथं 1928 च्या सुमारास तो नोंदला गेला, म्हणून आपल्याकडे हे नाव. पण तो एकटी कोंबडी निवडून गुपचूप येत नाही. लस न दिलेल्या कळपात शिरला की आधी कोंबड्या मलूल होतात, तोंड उघडून घरघरत श्वास घेतात, हिरवट पातळ हगतात, अंडी बंद होतात किंवा मऊ कवचाची येतात, आणि पटापट मर सुरू होते. मान पिळवटलेली दिसते ती बऱ्याचदा त्यानंतर, जगल्या-वाचलेल्या कोंबड्यांत. तेव्हा पहिला प्रश्न 'मान कशी आहे' हा नाही. बाकीच्या कशा आहेत? एकीची मान आठवडाभर वाकडी आहे आणि उरलेल्या दहा उकिरडा उकरून मजेत खातायत, तर मानमोडी सोडून दुसरं काहीतरी शोधायला हवं.

दुसरं बरंच काही असतं. दोन ते पाच महिन्यांची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडली असेल, तर मॅरेक्सचा संशय घ्यावा. हाही विषाणूच, पण मज्जातंतूंवर बसणारा. 1907 साली योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्याने त्याचं वर्णन केलं. याची लस पिल्लू एक दिवसाचं असताना हॅचरीत देतात. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या आपल्या पिल्लांना ती मिळालेली नसते. मान वाकडी नसून साफ लुळी असेल, उचललेलं डोकं हातातून गळून पडत असेल आणि मानेची पिसं ओढताच सुटत असतील, तर जवळपास कुजलेलं जनावर किंवा त्यावरच्या अळ्या कोंबडीने खाल्ल्या आहेत का ते पाहा. ती विषबाधा, बॉट्युलिझम. तोंडातून लाळ आणि अंगाला थरथर दिसली तर आसपास कुणी औषध चोळलेलं बियाणं पेरलंय का, फवारणी केलीय का, ते विचारा. अगदी लहान पिल्लांची बोटं मुठीसारखी आत वळली आणि ती घोट्यांवर बसून सरकू लागली, तर बी-2 जीवनसत्त्वाची कमतरता. खाद्य जुनं होऊन खवट झालं असेल तर ई जीवनसत्त्व नासतं आणि पिल्लं तोल जाऊन उलथीपालथी होतात. डोक्याला मार, टोच किंवा कानात पू, हे तर आहेच.

यातलं एक कारण मी मुद्दाम वेगळं ठेवलं, कारण ते भातपट्ट्यात सहज नजरेआड होतं. बटाव्हिया म्हणजे आजचं जकार्ता. तिथल्या लष्करी इस्पितळात 1890 च्या आसपास ख्रिस्तियान आयकमन हा डच डॉक्टर बेरीबेरीचं, म्हणजे माणसाचे हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचं, कारण शोधत होता. प्रयोगाच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. आणि मग त्या आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेतल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला शिजवलेला पांढरा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्याने सैनिकांचा भात असल्या कोंबड्यांना द्यायचं नाकारलं, पुन्हा कोंडा असलेला तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठल्या. कोंड्यात जे होतं ते बी-1, थायमिन. आयकमनला 1929 चं नोबेल त्यातूनच मिळालं.

बी-1 कमी पडलेल्या कोंबडीची मान बाजूला पिळवटत नाही, मागे ओढली जाते. ती पाय दुमडून बसते आणि आभाळाकडे बघत राहते. आता आपल्याकडे बघा. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या, किडे-पाला-बी वेचणाऱ्या कोंबडीला हे सहसा होत नाही. पण पावसाळाभर कोंडलेली किंवा शहरात गच्चीवर पाळलेली, आणि समोर रोज उरलेला भात नि कणी, तिला होऊ शकतं. आणखी एक वाट: रक्ती हगवणीवर आपण जे अ‍ॅम्प्रोलियम पाण्यातून देतो, ते बी-1 सारखंच दिसून जंतूला फसवतं. डोस जास्त झाला किंवा फार दिवस चालला, तर कोंबडीलाच बी-1 कमी पडतं. या आजारात योग्य मात्रेत बी-1 पोटात गेलं तर काही तासांत फरक दिसू शकतो. मेसेज मात्र अशा कोंबडीलाही दारू पाजायला सांगतो.

मग लस. मानमोडीची लस द्यायलाच हवी, इथं मेसेजचं बरोबर आहे. कधी द्यायची, इथं तो घसरतो. लासोटा नावाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंबाने, आर-टू-बी नावाची साधारण आठ आठवड्यांनंतर टोचून, हा नेहमीचा क्रम. ही लस औषध नाही. अंगात प्रतिकारशक्ती यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. रोग आधीच अंगात असलेल्या कोंबडीला जिवंत, तेज आर-टू-बी टोचली तर तिची अवस्था बिघडू शकते, आणि लहान पिल्लांना ती सोसत नाही. वर एकच सुई आजारी कोंबडीतून निघून पुढच्या दहांत जाते. रोग खुराड्यात पसरवण्याची याहून पक्की पद्धत मला सुचत नाही. घराजवळ मर चालू असताना निरोगी कोंबड्यांना लस द्यायची की नाही, कुठली द्यायची, हे डॉक्टरने कोंबड्या पाहून ठरवावं. आणि लस बर्फातून आणा. उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

दारू आणि लसूण. आजारी कोंबडीची चोच उघडून बघा. जिभेच्या मुळाशी एक छोटी फट उघडझाप करताना दिसेल, ती श्वासनलिका. जिला मान सरळ धरता येत नाही, तिच्या घशात काहीही ओतलं की ते या फटीत जातं. मग कोंबडी मेली की 'मानमोडीने मेली'. अँटिबायोटिक गोळीबद्दल एवढंच: विषाणूवर ती चालत नाही, मात्रा माणसाची असते आणि अवशेष अंड्यात उतरतात. ती अंडी घरातली पोरं खातात.

'कापून खा' हा मात्र या मेसेजचा सगळ्यात वाईट भाग. नीट शिजवलं की विषाणू मरतो, हे खरं. पण बर्ड फ्लू माणसाला बहुतेक वेळा ताटातून होत नाही, तो होतो आजारी कोंबडी पकडताना, कापताना, पिसं उपटताना, आतडी काढताना. मान वाकडी होणं, तोल जाणं, गोल फिरणं ही बर्ड फ्लूचीही लक्षणं आहेत, आणि परसदारी उभं राहून डोळ्यांनी तो मानमोडीपासून वेगळा ओळखता येत नाही, डॉक्टरलाही नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. हा लांबचा रोग नाही. देशातला पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला, आणि जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा दिसला. दुसरं म्हणजे, फवारणीच्या औषधाने कोंबडी पडली असेल तर ते औषध रश्शात उकळून जात नाही. आणि हो, अशी कोंबडी आठवडी बाजारात नेऊन विकणं हाही 'उपाय' नव्हे. रोग गावोगाव तसाच जातो.

एकाच वेळी दोन-चार अचानक मेल्या, तुरा निळा-काळा पडला, तोंड सुजलं, तर कुणालाही हात लावू देऊ नका, मुलांना तर नाहीच. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. अशा रोगाची खबर देणं 2009 च्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे.

राहिलं 'ती बरी होत नाही'. मॅरेक्सने पाय गेलेली बहुधा उठत नाही, हे मान्य. मानमोडीतून वाचलेल्या काहींची मान कायमची वाकडी राहते, घाबरली की जास्त पिळते, तरी त्या खातात-पितात, जगतात. कमतरतेने पडलेली मात्र नीट केलं तर उठते. ते नीट करणं असं: कोंबडी वेगळी, सावलीत, शांत जागी, डालग्याखाली किंवा खोक्यात ठेवायची. खाली गोणपाट आणि बाजूंना गुंडाळलेल्या कापडाचा आधार द्यायचा, म्हणजे ती कलंडत नाही. पाणी घशात न ओतता चोचीच्या कडेला थेंब थेंब लावायचं, ती स्वतः गिळते. खाद्य ओलं, मऊ, थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा. गळ्याखालची दाण्याची पिशवी बोटांनी चाचपून रिकामी झाली का ते पाहूनच पुढचं भरवायचं. जीवनसत्त्वं डॉक्टरने सांगितलेल्या मात्रेतच. खुराड्यातल्या धडधाकट कोंबड्यांचं आधी करायचं, हिचं शेवटी. चप्पल वेगळी, हात साबणाने. मेलीच तर खोल खड्डा, वर चुना, उकिरड्यावर नाही.

छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागायला लागलं आणि चोचीला लावलेला थेंबही ती गिळेना, तर तिला यातनांतून सोडवणं योग्यच आहे, पण कारण कळल्यावर आणि डॉक्टरच्या हातून. 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करताना चार गोष्टी तयार ठेवा: कोंबडीचं वय, गेल्या पंधरवड्यातलं खाणं आणि औषधं, शेवटची लस कधी, आणि बाकीच्यांपैकी किती आजारी. मानेचा फोटो त्यानंतर पाठवलात तरी चालेल.