शोध लावताय? आधी नोटरी गाठा

शोध लावलात? अभिनंदन. सोपं काम उरकलंत. आता तो इतरांच्या आधी लावलात हे सिद्ध करा.

त्यासाठी डोकं चालवण्याआधी वही आणा. बांधीव, पानांवर आकडे घातलेली. शाईनं लिहा, कुठंही कोरी जागा सोडू नका, प्रत्येक पानाखाली साक्षीदाराची सही-तारीख घ्या. साक्षीदाराला तुमचा शोध कळला पाहिजे, पण ‘यात मीही होतो’ म्हणायची बुद्धी त्याला होता कामा नये. असा माणूस सापडला, तर आधी त्याचंच पेटंट घ्या.

गुरू करायचा तर गॉर्डन गूल्डला करा. कोलंबिया विद्यापीठातल्या या विद्यार्थ्यानं १९५७ मध्ये वहीत लेझरची कल्पना मांडली, ‘लेझर’ हे नावही लिहिलं आणि १३ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात जाऊन तिच्यावर नोटरीचा शिक्का मारून घेतला. हसू नका, आपले नोटरी कोर्टाबाहेर छत्रीखाली बसतात.

इथवर सगळं चोख. मग चालतं यंत्र असल्याशिवाय पेटंट मिळत नाही, असा त्यानं समज करून घेतला. तुम्हीही घ्या, यंत्र जुळवण्यात वेळ छान जातो. तिकडे चार्ल्स टाउन्स आणि त्यांचे मेहुणे आर्थर शॉलो या भौतिकशास्त्रज्ञांचा लेझरच्याच पेटंटसाठीचा अर्ज जुलै १९५८ मध्ये दाखल झाला. गूल्डचा एप्रिल १९५९ मध्ये.

तेव्हाचा अमेरिकी कायदा आधी शोध लावणाऱ्याच्या बाजूचा होता. मात्र कल्पना सुचल्यावर तुम्ही हातावर हात धरून बसला नव्हता, याचा पुरावा लागे. तेव्हा ताप आला तरी अंथरुणात काय विचार केलात ते लिहा, साक्षीदारालाही उशाशी बसवा. गूल्डला असा पुरावा देता आला नाही. १९६६ मध्ये तो कोर्टात हरला.

हरणं मात्र मन लावून शिका. टाउन्स-शॉलोंना पेटंट मिळालं १९६० मध्ये. सतरा वर्षांची मुदत १९७७ मध्ये संपली. गूल्ड चिवटपणे भांडत राहिला आणि त्याच वर्षी लेझरचं आपलं पहिलं महत्त्वाचं पेटंट घेऊन आला. एव्हाना लेझर कारखान्यांत आणि दवाखान्यांत पोचला होता. रॉयल्टी कोट्यवधी डॉलरांत गेली. वेळेवर जिंकला असता, तर बिचारा हात हलवत घरी गेला असता.

पण आता तीही सोय उरली नाही. १६ मार्च २०१३ पासून अमेरिकेतही जो आधी अर्ज करील त्याचा हक्क. भारतात ते आधीपासूनच. तेव्हा वही राहू द्या. आज रात्रीच ऑनलाइन अर्ज भरून टाका, शोध सवडीनं लावता येईल.