परवा म्हणजे कधी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा माझाच लेख उघडून शेजारी ठेवला, तेव्हा तो बराच उतरला. 'शब्दांना स्वतःचा अर्थ नसतोच, सगळा अर्थ संदर्भातून येतो' असं मी खरंच लिहून बसलो होतो. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संदर्भ म्हणजे व्याकरण न येणाऱ्यांनी ओढून घेतलेलं पांघरूण, 'मांजराने उंदीर मारला' हे वाक्य कुणीही, कुठेही, कधीही उच्चारलं तरी मेला तो उंदीरच, 'ने' लागला की विषय संपला. आणि मग शेवटची ओळ, 'आपण आपली चूक मान्य करावी.' त्या ओळीकडे मी शेवटीच येतो.

मांजराचं मान्य. खरं तर तुमची बाजू तुम्ही मांडलीत त्याहून भक्कम आहे. 'मांजराने उंदीर मारला' यात त्या 'ने'चा कसच लागत नाही, कारण प्रत्यय खोडून टाकला तरी आपण तेच समजलो असतो. कस लागतो तो 'उंदराने मांजर मारलं' या वाक्यात. आजवरचा सगळा अनुभव उलट सांगत असतो, तरी ऐकणारा 'काय सांगता!' म्हणतो, मेलं कोण, असं विचारत नाही. एवढा जोर त्या एका प्रत्ययात आहे. तो नसता तर आपल्याला एकमेकांना फक्त अपेक्षित गोष्टीच सांगता आल्या असत्या.

आणखी एक माप तुमच्या पारड्यात टाकतो. 'काच फुटली', 'माझ्याकडून काच फुटली', 'मी काच फोडली'. काच तीच, तुकडे तेवढेच, खोलीत उभी असलेली माणसंही तीच. बदलतो तो फक्त दोषाचा वाटा, आणि तो पूर्णपणे व्याकरणाने वाटलेला आहे. माझा लेख इथे उघडा पडतो, हे कबूल.

पण आता हे वाक्य बघा: 'ससा कुत्रा पकडतो, उंदीर मांजर पकडतं.' उत्तरार्धात तुमचं व्याकरण चोख काम करतं. 'पकडतं' नपुंसकलिंगी, म्हणजे कर्ता मांजर, मग ते वाक्यात कितव्याही जागी असो. पूर्वार्धात मात्र दोघेही पुल्लिंगी, दोघांनाही प्रत्यय नाही आणि 'पकडतो' दोघांनाही बसतं. शब्दक्रमाचा आधार घ्यावा तर ससा पहिला आहे. तरीही कुत्र्याचा पाठलाग करणारा ससा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. व्याकरण इथे गप्प बसलं आणि ससे-कुत्र्यांबद्दलच्या आपल्या माहितीने काम उरकलं. (शेजारच्या उंदीर-मांजराचाही त्यात थोडा हात आहे.)

तुमचं-माझं भांडण मालक कोण आणि नोकर कोण असं झालंय, आणि ते तसं मीच सुरू केलं. त्यातून बाहेर पडायला मला 'परवा' हा शब्द उपयोगी पडतो. 'परवा भेटलो' आणि 'परवा भेटू'. शब्द फक्त अंतर सांगतो: मध्ये एक दिवस सोडून. मागे की पुढे, ते क्रियापद सांगतं. म्हणजे निम्मा निकाल व्याकरणाचा, निर्विवाद. पण वार? तारीख न घातलेली एक चिठ्ठी कपाटात सापडली, 'परवा भेटू' एवढीच. व्याकरण निर्दोष, शब्द सगळे ओळखीचे, आणि भेट कधी ठरली होती ते कळायला मार्ग नाही. ती कधी लिहिली, हे बाहेरूनच कळायला हवं.

गंमत म्हणजे मागचा 'परवा' सैलही होतो. 'परवा कुणीतरी म्हणत होतं' यातला परवा दहा दिवसांपूर्वीचाही चालतो. पुढचा सहसा इतका सैल होत नाही. 'परवा येतो' म्हणून दहाव्या दिवशी उगवलेल्या माणसाचं आपण काय करतो ते सांगायला नको.

म्हणून माझं सुधारलेलं म्हणणं असं: व्याकरण संदर्भाच्या वर नाही की खाली नाही. कुठला संदर्भ बघायचा हे तेच सांगतं. 'हा', 'तो', 'मी', 'इथे', 'आत्ता', 'परवा' हे शब्द आपापलं नेमकं काम करतात आणि पुढची चौकशी कुठे करायची ते बोट दाखवून सांगतात. बोलणाऱ्याकडे बघ, दिवस बघ, जागा बघ. ज्याला व्याकरण येत नाही त्याला हे बोटच दिसणार नाही. हे तुमच्या बाजूने.

माझ्या बाजूने 'आलो'. आतल्या खोलीतून हाक येते आणि आपण जागचे न हलता ओरडतो, 'आलो, आलो!' रूप भूतकाळाचं, येणं अजून व्हायचंय. व्याकरणाच्या पुस्तकांत याला संनिहित भविष्यकाळ असं नाव आहे हे ठाऊक आहे. पण नाव दिल्याने रूप बदलत नाही. तेच 'आलो' दारात चपला काढताना म्हटलं की सरळ भूतकाळ. दोन्हींतला फरक त्या शब्दात नाही, बोलणाऱ्याच्या पायांत आहे.

तुम्ही संस्कृत वैयाकरणांचा दाखला मागितलात, तर भर्तृहरीचा देतो. 'सैंधव' म्हणजे मीठही आणि घोडाही. मग 'सैंधव आण' हे ऐकून काय आणायचं? जेवायला बसलेल्याला मीठ, प्रवासाला निघालेल्याला घोडा, हे जुन्या शास्त्रचर्चेतलं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या आपल्या व्याकरणग्रंथात, शब्दाचा अर्थ निश्चित होत नसेल तर तो कशाकशाने ठरतो याची यादीच दिली आहे. तिच्यात प्रकरण (म्हणजे बोलण्याचा प्रसंग) आहे, औचित्य आहे, देश आणि काल आहेत, आणि त्यांच्याच रांगेत 'व्यक्ति' आणि 'स्वर'ही आहेत. व्यक्ति म्हणजे इथे व्याकरणातलं लिंग आणि स्वर म्हणजे उच्चारातला चढ-उतार. मला यात सगळ्यात आवडते ती ही रांगच. व्याकरणाला वेगळं सिंहासन नाही आणि परिस्थितीलाही नाही.

लिंगाने अर्थ ठरण्याचं मराठी उदाहरण हवं असेल तर 'वेळ' घ्या. 'वेळ गेला' म्हणजे खर्ची पडला. 'वेळ गेली' म्हणजे संधी हुकली. 'जायची वेळ झाली' म्हणणारा घड्याळाकडे बघतो, 'यायला वेळ झाला' म्हणणारा खाली बघतो. शब्द एकच, आणि अर्थाची सगळी उलाढाल एका ईकारात.

आता तुमची शेवटची ओळ. 'आपण आपली चूक मान्य करावी.' मराठीत 'आपण' तिघांना चालतो: आदरार्थी तुम्ही, तुम्ही-मी मिळून सगळे, आणि 'माणसाने' या अर्थाने कुणीही. एरवी क्रियापद त्याची फोड करतं. 'आपण मान्य कराल' यात एकटा मी सापडतो, 'आपण मान्य करू' यात तुम्हीही येता. पण तुम्ही 'करावी' लिहिलंत. कर्मणी प्रयोग. क्रियापद त्या स्त्रीलिंगी, एकवचनी चुकीशी जुळलं, कर्त्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तुमच्या लाडक्या व्याकरणाने तिन्ही दारं सताड उघडी ठेवली आणि तरी मला क्षणात कळलं की हा 'आपण' म्हणजे मीच. कशावरून, ते वेगळं सांगायला नको.

तर मी माझी मान्य करतो. लेखातलं 'अर्थ नसतोच' हे वाक्य आज काढून टाकलं आणि त्या जागी 'शब्दाचा अर्थ एकट्या शब्दात मावत नाही' असं लिहिलं आहे. त्या 'आपण'मध्ये तुम्ही स्वतःलाही धरलं होतं का, ते तुम्ही सांगा.