गोल्डफिश, आयपॅड आणि ऑस्ट्रेलिया : त्या फॉरवर्डचं काय करायचं

सध्या नाशिकच्या पालक ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. वर लाल सायरनचे इमोजी, 'पालकांनो जागे व्हा' असं हेडिंग आणि खाली मुद्द्यांची रांग. मी सिडकोत नववी-दहावीचे क्लासेस घेते त्यामुळे मला तो पालकांकडून आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि आमच्याकडच्या एका काकांनी तर प्रिंट काढून लिफ्टमध्ये चिकटवलाय. म्हणणं थोडक्यात असं, की मोबाईलमुळे मुलांचं लक्ष गोल्डफिशपेक्षाही कमी वेळ टिकतं, मोबाईल म्हणजे कोकेन, दोन तासांच्या वर स्क्रीन गेली की मेंदू बिघडतो असं डब्ल्यूएचओ सांगतं, निळ्या प्रकाशाने डोळे जातात, स्टीव्ह जॉब्सने स्वतःच्या पोरांना आयपॅड दिला नाही, ऑस्ट्रेलियात सोळाच्या खाली मोबाईलच बंद झाला, तेव्हा आजच मोबाईल काढून घ्या. पोरं मोबाईलवर पडीक असतात हे मला कुणी सांगायला नको, रोज बघते. पण यातलं जवळपास एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाहीये आणि त्यावरून घराघरात भांडणं चाललीयेत, म्हणून बसलेय लिहायला.

गोल्डफिशपासून सुरू करू. माणूस 8 सेकंद आणि मासा 9 सेकंद, हा आकडा 2015 मध्ये मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका रिपोर्टमधून जगभर पसरला. त्यांनी तो मोजला नव्हता, दुसऱ्या एका वेबसाईटवरून उचलला होता, आणि 2017 मध्ये बीबीसीने त्याचा माग काढला तर मुळाशी कुठलाच अभ्यास सापडला नाही. माशाचंही तसंच, गोल्डफिशला शिकवलेलं महिनोन्‌महिने लक्षात राहतं. माझ्या क्लासमधला जो पोरगा बीजगणिताच्या तिसऱ्या उदाहरणाला जांभया देतो तोच आयपीएलची अख्खी मॅच पापणी न हलवता बघतो, आणि भूमितीची रचना आवडली की बेल झाली तरी उठत नाही. कंटाळवाणं शिकवलं तर लक्ष उडणारच, त्यात थोडी चूक आमच्या शिकवण्याचीही धरा.

कोकेनचं. गेम खेळताना डोपामिन, म्हणजे मेंदूतलं आनंदाशी जोडलेलं रसायन, वाढतं हे खरंय, पण ते आवडीचं खाताना वाढतं, कुणी शाबासकी दिली तरी वाढतं, त्यामुळे नुसतं डोपामिन म्हटलं की व्यसन सिद्ध होत नाही. डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, जी 2022 पासून लागू झाली, त्यात गेमिंग डिसऑर्डर आहे. ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असणं अशी त्याची लक्षणं दिलीत. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस गेम खेळला म्हणून पोराला 'व्यसनी' म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. पण अशी खरी केस असते, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत 2014 पासून त्यासाठी वेगळं क्लिनिक चालतं. अशा मुलाच्या हातातून मोबाईल हिसकावून काही होत नाही, त्याला डॉक्टरांना दाखवायलाच लागतं.

आता दोन तास. डब्ल्यूएचओने 2019 मध्ये तासांचे आकडे दिले ते पाच वर्षांखालच्या मुलांसाठी : वर्षाच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांना तासाभरापेक्षा जास्त नको. 5 ते 17 वयोगटासाठी 2020 मध्ये सांगितलं की बसून करमणुकीची स्क्रीन कमी ठेवा, तासांचा आकडा दिलाच नाही. आकडा दिलाय तो रोज सरासरी 60 मिनिटं अंग हलवण्याचा, तो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही! दोन तासांची मर्यादा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, आणि मोठ्या मुलांसाठी ती त्यांनीच 2016 मध्ये सोडून दिली.

सोडली ते बरंच झालं कारण तास मोजून काही कळत नाही. परवा एक आई तणतणत क्लासवर आल्या, मुलीचा फोन माझ्यासमोर धरला, "मॅडम बघा, सहा तास!" आम्ही तिघींनी बसून एकेक ॲप उघडलं. सगळ्यात वर यूट्यूब, त्यात निम्मे विज्ञानाचे लेक्चर. मग व्हॉट्सॲप, ज्यावर शाळेच्या नोटिसा, प्रोजेक्टचे फोटो आणि मीच टाकलेल्या पीडीएफ. इन्स्टाग्राम सव्वा तास. आई म्हणाल्या बाकीचं ठीके पण हा सव्वा तास, आणि त्यावर मुलगी जे बोलली ते मला पटलं, की तुम्हीच सगळं मोबाईलवर पाठवता आणि तुम्हीच मोबाईल बघते म्हणून ओरडता. मुलांच्या शिक्षणावरचं 'असर 2024' हे सर्वेक्षण बघा, तेही ग्रामीण भारताचं : 14 ते 16 वयाची जी मुलं स्मार्टफोन वापरू शकतात त्यातल्या 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. दोन्ही एकाच फोनवर चालतं, तुमच्या तासांच्या बेरजेत ते वेगळं निघत नाही.

आणि हो, 2019 मध्ये ब्रिटन-अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांच्या माहितीवर एक अभ्यास झाला, त्यात मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर 0.4 टक्के फरकाचा संबंध स्क्रीनशी लागला, बटाटे खाण्याशी लागतो जवळपास तेवढाच. लगेच उड्या मारू नका, ही सरासरी आहे. शाळेच्या ग्रुपवर जिचे फोटो एडिट करून फिरवतात त्या मुलीला सरासरी सांगून उपयोग नाही. पण तिचा त्रास ती किती तास ऑनलाईन होती यात नाहीये, तिथे तिच्याशी काय झालं यात आहे, आणि ते ती घरी सांगत नाही कारण सांगितलं की पहिला तिचाच फोन जाणार.

निळा प्रकाश : स्क्रीनने डोळे जातात याला पुरावा नाही, उन्हात त्याच्या कितीतरी पट निळा प्रकाश असतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू कट चष्म्यांवरचे प्रयोग 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने एकत्र तपासले, डोळ्यांचा थकवा कमी होण्यात बहुधा काही फरक पडत नाही असं निघालं, त्यामुळे जादाचे पैसे वाचवा. चष्म्याचे नंबर मात्र खरंच वाढतायत. चीनच्या ग्वांगझूमध्ये शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्त बाहेर काढलं तर तीन वर्षांत त्यांच्यात नवीन नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण 30.4 टक्के राहिलं, ज्या शाळांनी असं केलं नाही तिथे ते 39.5 टक्के होतं. परत तेच, बाहेर सोडा.

माझं खरं भांडण झोपेवरून आहे आणि मेसेजमध्ये झोपेचा शब्द नाही. या वयात 8 ते 10 तास झोप लागते, शरीराचं घड्याळही पुढे सरकतं त्यामुळे पोरांना लवकर झोप येतच नाही, हा आळस नव्हे. झोपायच्या आधी चार तास फुल ब्राइटनेसला टॅबवर वाचायला लावून एक प्रयोग झाला होता, झोप लागायला कागदी पुस्तकापेक्षा साधारण दहाच मिनिटं जास्त लागली. म्हणजे प्रकाश बिचारा दहा मिनिटांचा धनी, पुढचे दोन तास मित्र खातात. माझ्या सकाळच्या बॅचला एक मुलगा कंपासपेटीवर कपाळ टेकून झोपतो. विचारलं तर म्हणे रात्री साडेअकराला सगळ्यांचा गेम असतो. अरे पण साडेअकराच का? तर शाळा, मग माझा क्लास, मग इंग्लिशचा क्लास, जेवण, होमवर्क, त्याआधी कुणी मोकळंच नसतं! फोन व्हायब्रेटवर उशीखाली, कारण हाक आली आणि उठला नाही तर टीममधून काढतात. यावर उपाय फार मोठा नाही, रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, बाबांचासुद्धा, आणि एखादा क्लास कमी केला तरी चालेल (माझाही, फी बुडेल पण चालेल).

जॉब्सचं आटोपतं घेते. ते तो 2010 मध्ये एका पत्रकाराला बोलला, आयपॅड त्याच वर्षी बाजारात आला होता, आणि पुढे म्हणाला की घरी आम्ही मर्यादा घालतो. मर्यादा, बंदी नव्हे. त्या पत्रकाराने हे ज्या लेखात लिहिलं त्यातच त्याचं कुटुंब रोज रात्री एकत्र जेवायला बसून गप्पा मारायचं असंही आहे, पण जेवणाचा फॉरवर्ड होत नाही.

ऑस्ट्रेलियातही मोबाईल बंद झालेला नाही. 10 डिसेंबर 2025 पासून तिथे सोळाच्या खाली इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूब वगैरेंवर अकाउंट ठेवता येत नाही, व्हॉट्सॲप त्यात नाही, आणि दंड आहे तो कंपन्यांना, मुलांना किंवा आईबापांना नाही. एवढ्या लांब जायचंच कशाला, आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, अख्ख्या गावाचे. त्या वेळात मोठ्यांनी स्वतःचा फोन बाजूला ठेवायचा असतो, आमच्या लिफ्टमधल्या कागदावर मोठ्यांसाठी एक ओळ नाही.

मेसेजचा शेवट 'आमच्या वेळी मुलं मैदानात असायची' असा आहे. असायची ना, कारण मैदान होतं! आमच्या सोसायटीच्या मागचा मोकळा प्लॉट पार्किंगला गेला, समोरच्या बागेत 'बॉल खेळण्यास मनाई' असा बोर्ड आहे, गोल्फ क्लबचं मैदान सिडकोतून सायकलवर जायचं तर मधे मुंबई-आग्रा हायवे, आणि मुलींना तर अंधार पडला की गेटच्या बाहेर सोडत नाहीत. ज्या काकांनी प्रिंट चिकटवलाय त्यांनीच गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा बॉल जप्त केला, तो अजून त्यांच्याकडेच आहे. येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये मी दोन विषय टाकतेय : संध्याकाळी सहा ते आठ मागच्या बाजूला गाड्या लावायच्या नाहीत, आणि तिथे एक हॅलोजन बसवायचा. काका, बॉल घेऊन या.