तुम्ही फुगे बघा, बाकी आम्ही बघतो

दुपारी जेवायच्या सुट्टीतच लिहायला बसले होते, पण हात थरथरत होते म्हणून फोन बाजूला ठेवला. आता रात्रीचे अकरा वाजलेत. राग तेवढाच आहे, टायपिंग तेवढं सुधारलंय.

झालं असं. सकाळच्या मीटिंगमध्ये आमच्या एचआरमधली नवी मुलगी, येऊन जेमतेम तीन महिने झालेत तिला, म्हणाली की पुढच्या महिन्याचं शिफ्टचं वेळापत्रक 20 तारखेच्या आत मिळालं तर बरं होईल, उशिरा आलं की पगारात गोंधळ होतो. साधं, मुद्द्याचं बोलणं. त्यावर आमचे एक ज्येष्ठ साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "तुम्ही फुगे बघा, बाकी आम्ही बघतो."

सगळे हसले.

(गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी निरोपाच्या कार्यक्रमाला तिने फुगे लावले होते. तेही याच साहेबांनी सांगितलं म्हणून.)

आणि मीही हसले. हे आत्ताच लिहून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत टाळत बसेन. मोठ्याने नाही, पण हसले. मी, जिने अकरा वर्षं एचआरमध्ये काढली आणि मग ऑपरेशन्सला आले. जिला पहिल्या नोकरीत याहून वाईट ऐकून घ्यावं लागलं होतं. मुलीने वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि मान खाली घातली. तिने काहीही लिहिलं नव्हतं, पेनाचं टोपणही काढलेलं नव्हतं. मी समोरच बसले होते, मला दिसत होतं.

वहीवरून मला काका आठवले, आणि दिवसभर डोक्यातून गेले नाहीत.

माझी पहिली नोकरी, चौथा महिना. पगार होऊन दोन दिवस झाले होते. निवृत्तीला आलेले एक ऑपरेटर काका माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. पगार कमी आलाय म्हणाले. मी बसायलाही सांगितलं नाही. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि आजूबाजूच्या चारजणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काका, तुमचे आउट-पंचच नाहीयेत. अकरा दिवस. सिस्टिममध्ये असंच दिसतंय."

काका शांतपणे म्हणाले, "अकरा वेळा आत गेलो आणि एकदाही बाहेर आलो नाही? मग आत्ता कुठून आलो?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. काकांनी खिशातून एक छोटी वही काढली. कोपरे दुमडलेली, वर रबर लावलेलं. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, ओव्हरटाइम. सगळं बारीक, ठसठशीत अक्षरात. कैक वर्षांचं. "तुमच्या सिस्टिमच्या आधीपासून लिहितोय," म्हणाले आणि वही टेबलावर ठेवून कामावर निघून गेले.

ज्यांना पगाराच्या आतली भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रात्रपाळीचा माणूस रात्री 10 ला आत येतो आणि सकाळी 6 ला बाहेर पडतो. मध्ये 12 वाजतात, तारीख बदलते. त्याच्या नावापुढे रात्रपाळी लावलेली नसेल तर यंत्र त्याला दिवसपाळीचाच समजतं. आत आल्याची नोंद एका तारखेला, बाहेर पडल्याची दुसऱ्या तारखेला. जोडी जुळत नाही. जोडी जुळली नाही की अर्धा दिवस गैरहजर. माणूस रात्रभर मशीनपुढे उभा, आणि मस्टरवर अर्धा.

आणि रात्रपाळी लावायची का राहिली होती? कारण शिफ्टचं वेळापत्रक आमच्याकडे उशिरा आलं होतं.

वाचलंत ना? आज ती मुलगी हेच सांगत होती. अक्षरशः हेच. आणि तिला फुगे बघायला सांगितलं गेलं.

मला खरंच कळत नाही, लोकांना हे खातं वाटतं तरी काय. वाढदिवसांची यादी सांभाळणारं? राउंट्रीच्या चॉकलेट कारखान्याने 1896 साली इंग्लंडमधल्या यॉर्कला मेरी वुड नावाच्या बाईंना कामगार कल्याणासाठी नेमलं. काम काय, तर आजारी पडलेल्या कामगार मुलींना भेटून त्यांची विचारपूस करायची. अमेरिकेत नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत मोठा संप आणि टाळेबंदी झाली, आणि 1901 नंतर तिथे तक्रारी, बडतर्फी, सुरक्षितता हे सगळं बघायला वेगळं खातं उघडावं लागलं. आजारपण आणि तंटे, यातून हे काम जन्माला आलंय. फुगे फार नंतर आले, आणि बहुतेकदा दुसऱ्याच कुणाच्या तरी हौसेखातर.

बरं, मान्य, काही एचआरवाले खरंच फुग्यांपलीकडे जात नाहीत. अशांबरोबर मी काम केलंय, नावं लिहिण्याचा मोह आवरते. आणि हो, एचआरचा पगार कंपनीच देते, त्यामुळे ते पूर्णपणे कामगारांच्या बाजूचे कधीच नसतात, हेही मान्य. झालं? पुढे जाऊ?

काकांची वही घेऊन मी तीन दिवस बसले. दिवसा नेहमीचं काम, संध्याकाळी वही आणि पंचिंगचा रिपोर्ट शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघायची. वही बरोबर होती. सिस्टिम चूक होती. आणि ते एकटे नव्हते, त्यांच्यासकट तेवीसजणांचा पगार कापला गेला होता. बाकीचे बावीस आलेच नव्हते, कारण त्यांच्याकडे वही नव्हती. आपलंच काहीतरी चुकलं असेल असं धरून ते गप्प बसले होते. हे मला आजही खुपतं.

अकाउंट्सवाले म्हणाले, पगार लॉक झालाय, पुढच्या महिन्यात थकबाकी म्हणून देऊ. दुसरी कुणी असती तर "बरं" म्हणाली असती, मीही आदल्या महिन्यापर्यंत म्हणालेच असते. पण डोळ्यासमोर ती रबर लावलेली वही. मी त्यांच्या साहेबांपुढे जाऊन बसले आणि उठलेच नाही. चार दिवसांत वेगळं पेमेंट निघालं. मग प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी केली: इतके दिवस कापले होते, इतके परत केले. आणि रात्री पावणेदहाला गेटवर जाऊन उभी राहिले. त्यांना माझ्या टेबलाशी बोलवायचं तर झोपमोड करून दिवसा यावं लागलं असतं ना. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी दिली आणि म्हणाले, चूक आमची होती.

"सिस्टिमची" नाही म्हणाले. नवीन एचआरवाल्यांनो, कुणी वाचत असाल तर एवढं ऐका. "सिस्टिममध्ये असं दिसतंय" हे वाक्य ज्या दिवशी तोंडातून निघतं, त्या दिवशी समोरच्यासाठी तुम्ही माणूस राहत नाही, खिडकी होता. खिडकीला कोण मान देतं?

काकांनी चिठ्ठी वाचली, वहीशी ताडून बघितली (बघणारच!), आणि मान हलवली. आभारबिभार काही नाही. पण पुढच्या महिन्यात रजेचं विचारायला आले तेव्हा वही आणली नव्हती. मी विचारलं, वही? म्हणाले, "घरी आहे. लिहितो अजून. पण इथे आणायची काय गरज?"

इथेच गोष्ट संपली असती तर मी किती छान दिसले असते. पण आज मी हसलेय, त्यामुळे आज पुढचंही सांगायला हवं.

दोनेक महिन्यांनी काकांनी सलग रजा मागितली आणि कारण मला एकटीला सांगितलं. घरात आजारपण होतं, नाव घ्यायला नको असं. कुणाला कळू देऊ नका म्हणाले. मी म्हणाले, अजिबात नाही. जेवताना त्यांच्या सुपरवायझरने विचारलं, "एवढी रजा कशाला हो?" मी काहीच बोलले नाही. पण मला माहितीये आणि तुम्हाला नाही, याची जी एक फुशारकी असते ना, ती चेहऱ्यावर आली. भुवया उंचावल्या, सुस्कारा सोडला, "सोडा ना, त्यांचं खूप कठीण चाललंय" असं काहीतरी पुटपुटले. बस. संध्याकाळपर्यंत अख्ख्या शिफ्टला कळलं होतं.

रजेवरून आल्यावर काका माझ्या टेबलाशी आले. वही घेऊन. काही बोलले नाहीत, रबर काढलं, पान उघडलं आणि रजेचे दिवस मोजून घेतले. बोट ठेवून, एकेक.

त्या बोटाइतकी शिक्षा मला पुढे कुठल्याही साहेबाने दिली नाही.

ती वही पुन्हा घरी राहायला जवळजवळ आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत मी काही थोर केलं नाही. कन्फर्मेशनची, म्हणजे नोकरीत कायम केल्याची, पत्रं वेळेवर काढली. कुणी विचारलं आणि उत्तर माहीत नसलं तर "गुरुवारपर्यंत सांगते" म्हणाले आणि गुरुवारी सांगितलं, उत्तर नकार असला तरी. महिन्यातून दोनदा रात्रपाळीला चक्कर मारली, कोणतं मशीन काय करतं ते विचारलं, मूर्ख प्रश्न विचारून हसं करून घेतलं. नोकरी सोडून गेलेल्यांचे हिशेब रखडू दिले नाहीत. यावरून अकाउंट्सशी रोज वाद व्हायचे. निघालेल्या माणसाचे पैसे ही कुणाची मेहेरबानी नाही हो. कामगाराचा शेवटचा हिशेब वाजवी वेळेत चुकता व्हायला हवा, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1949 च्या वेतनसंरक्षण करारातच लिहून ठेवलंय. आणि मागे राहिलेले सगळे बारीक नजरेने बघत असतात, गेलेल्याशी आपण कसे वागतो ते. उद्या आपणही जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

आणखी एक शिकले. "हे आपल्यातच राहील" असं आधीच बोलून मोकळं व्हायचं नाही. कुणी येऊन दार लोटलं आणि "तुम्हाला म्हणून सांगते" असं सुरू केलं, की तिथेच थांबवायचं. सांगायचं, की पैशाची अडचण, घरचं दुखणं माझ्यापाशी राहील, पण कुणी त्रास देत असेल, अंगचटीला येत असेल तर मला पुढे जावंच लागेल, तेव्हा ठरवून बोला. ऐकायला रुक्ष वाटतं. माझी एक मैत्रीण म्हणते, अशाने कुणी बोलणारच नाही. काहीजण खरंच दारातून परत गेले, नाही कशाला म्हणू. पण जे बोलले त्यांना पुढे काय होणार ते आधी माहीत होतं.

यातलं मला कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं. वर्गात मोठमोठे शब्द होते, त्रिकोण होते, वर्तुळं होती. पंचिंगचा रिपोर्ट कसा वाचायचा हे एका माणसानेही दाखवलं नाही. आणि मग अशा पोरींना नोकरीवर घेऊन पहिल्याच आठवड्यात फुगे आणायला पाठवायचं, आणि वर म्हणायचं, एचआरला कुणी विचारत नाही! विचारेल कसं? तुम्ही तिच्या हातात दिलंय काय?

साहेबांबद्दल आता तेवढा राग नाहीये. ते आकडे आणतात, त्यांच्या माणसांसाठी भांडतात, हे मीच परवा कुणाला तरी सांगत होते. ते असेच बोलतात, सगळ्यांशीच. पण त्यांचं वाक्य खोलीत टिकलं ते आम्ही हसलो म्हणून. एकाने, एका जरी माणसाने "अहो, ती बरोबर बोलतेय, वेळापत्रक कधी देताय?" एवढं विचारलं असतं, तर वाक्य जागच्या जागी पडलं असतं. विचारायला सगळ्यात योग्य माणूस मीच होते. वेळापत्रक उशिरा देणाऱ्यांत माझंही खातं येतं. गेले तीन महिने. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आता सगळ्यांनाच सांगितलं.

नवीन माणसाने मान स्वतः मिळवावा, असं आपण सगळेच म्हणतो. मीही काका प्रकरण वर्षानुवर्षं तसंच सांगत आलेय, बघा मी कसा मिळवला. पण काकांनी मला वही ठेवून दिली होती. तीन दिवस. कैक वर्षांच्या नोंदी, त्या उद्धट पोरीच्या टेबलावर. तेव्हा मी काहीच मिळवलेलं नव्हतं.

साडेदहाच्या सुमारास तिला मेसेज केला. तीनदा लिहून खोडला. शेवटी एवढंच: "सकाळी मी हसले, ते चुकलं. तू बरोबर बोलत होतीस. माझ्या टीमचं वेळापत्रक उद्या दुपारपर्यंत देते."

तिचं उत्तर ही पोस्ट लिहिता लिहिता आलं. "ठीक आहे" नाही, "काही हरकत नाही" असंही नाही, हसरा चेहराही नाही.

"मॅडम, तुमच्या टीममधल्या दोघांच्या मागच्या महिन्याच्या रात्रपाळ्या अर्ध्या लागल्यात. मी यादी केलीय. दुपारपर्यंत नको, सकाळी 10 पर्यंत द्याल का?"